वकील कोणाचा : कंपनीचा की भागधारकांचा?

एखादी कंपनी बुडाली म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात कोणाला उभे करावयाचे याविषयी लोकांच्या मनात फारसा संदेह नसतो. प्रथम अध्यक्ष, मग संचालक मंडळ, मग खजिनदार आणि त्यांच्या पाठोपाठ हिशेबतपासनीस अशी ही मिरवणूक ठरलेली असते. लोकांचा संताप त्यांच्यावर बरसतो, वृत्तपत्रांतून त्यांची छायाचित्रे झळकतात, आणि चार-दोन जण गजाआड गेले की प्रकरणावर पडदा पडतो. परंतु ज्यांच्या लेखणीवाचून त्या कंपनीचा एकही करार झाला नाही, ज्यांच्या अभिप्रायावाचून एकही दस्तऐवज पुढे सरकला नाही आणि ज्यांचे बिल संचालकांच्या पगाराइतक्याच नियमितपणे चुकते होत होते, ते कंपनीचे वकील मात्र या मिरवणुकीत क्वचितच दिसतात. ते कोठे होते? त्यांनी काय पाहिले? आणि जे पाहिले त्याविषयी ते मूक का राहिले? हे प्रश्न विचारण्याचा अधिकार भागधारकाला आहे की नाही, हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ परदेशी कायदेपंडितांच्या वादाचा आहे असे कोणी समजू नये. आज आपल्या गावातील शिक्षक, कारकून, दुकानदार आणि निवृत्तिवेतनावर जगणारा वृद्ध यांची पुंजी पोस्टाच्या पुस्तकातून निघून कंपन्यांच्या भागांत जाऊन बसली आहे. ज्याने जन्मात कंपनीची सर्वसाधारण सभा पाहिली नाही, तोही आज दहा-वीस कंपन्यांचा अंशतः मालक असतो. मालकी आली, पण मालकाचे डोळे आले नाहीत. त्या डोळ्यांचे काम त्याने नाइलाजाने तिऱ्हाइतांवर सोपविले आहे, आणि या तिऱ्हाइतांतील एक महत्त्वाचा इसम म्हणजे वकील.

एन्रॉनचे नाव आपणांस परके नाही

या प्रश्नाचा कस जेथे पुरेपूर लागला ते प्रकरण म्हणजे अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एन्रॉन कंपनीचे. महाराष्ट्रातील माणसाला हे नाव नव्याने सांगावयास नको. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात, दाभोळच्या खाडीच्या मुखाशी, याच कंपनीने वीजप्रकल्पाचा घाट घातला होता. १९९२ साली सामंजस्याचा करार झाला, १९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला, १९९५ साली राज्य सरकारने तो रद्द केला आणि मग पुन्हा वाटाघाटी करून तो जिवंत केला. १९९९ साली पहिला टप्पा सुरू झाला. तेथली वीज मंडळाला परवडेना, देणी थकली, आणि २००१ च्या मे महिन्यात तेथील चक्रे थांबली. त्या वेळी या बलाढ्य कंपनीपुढे आपले वीज मंडळ दरिद्री ठरले होते. परंतु त्याच वर्षाच्या २ डिसेंबरला ही बलाढ्य कंपनीच दिवाळखोरीच्या न्यायालयाच्या दारात उभी राहिली. बडा घर पोकळ वासा ही आपली म्हण इतक्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच खरी ठरली असेल.

२००० च्या ऑगस्टमध्ये एन्रॉनच्या एका भागाची किंमत नव्वद डॉलर्सपर्यंत चढली होती. सव्वा वर्षात ती एका डॉलरच्याही खाली आली. ज्या कर्मचाऱ्यांनी आपल्या म्हातारपणाची तरतूद कंपनीच्याच भागांत गुंतविली होती त्यांची नोकरी आणि पुंजी एकाच वेळी गेली. हे घडले कसे? कंपनीचे कर्ज आणि तोटे ताळेबंदाबाहेर ठेवण्यासाठी अनेक भागीदारी संस्था उभारण्यात आल्या होत्या. त्यांपैकी काहींचा सूत्रधार कंपनीचाच मुख्य अर्थाधिकारी अँड्र्यू फॅस्टो हा होता. म्हणजे विकणारा तोच आणि विकत घेणाऱ्याच्या वतीने सही करणाराही तोच. अशा व्यवहारांत कागदावर नफा दिसतो, तिजोरीत मात्र काही पडत नाही.

पत्राची चौकशी आणि चौकशीचे पत्र

आता वकिलांकडे वळू. एन्रॉनचे कायद्याचे काम प्रामुख्याने ह्यूस्टन येथील व्हिन्सन अँड एल्किन्स ही जुनी व प्रतिष्ठित पेढी पाहत असे. एन्रॉन हे त्या पेढीचे सर्वांत मोठे अशील होते. वर सांगितलेल्या भागीदारी संस्थांच्या अनेक व्यवहारांचे कागद या पेढीच्या हातून गेले होते, त्यांवर कायदेशीर अभिप्राय दिले गेले होते आणि भागधारकांपुढे ठेवावयाच्या निवेदनांतही तिचा सल्ला होता.

२००१ च्या ऑगस्टमध्ये कंपनीच्या एक उपाध्यक्षा शेरन वॉटकिन्स यांनी अध्यक्ष केनेथ ले यांना पत्र लिहून हिशेबांतील घोटाळ्यांविषयी स्पष्ट इशारा दिला. या पत्रव्यवहारात त्यांनी आणखी एक शहाणपणाची सूचना केली होती. ती अशी की, याची चौकशी व्हिन्सन अँड एल्किन्सकडे देऊ नये. कारण ज्या व्यवहारांची चौकशी करावयाची त्यांपैकी काहींत त्या पेढीचाच सल्ला होता. ही सूचना कोणत्याही सामान्य माणसाला पटण्यासारखी होती. ज्या गवंड्याने भिंत बांधली त्यालाच भिंत वाकडी आहे काय असे विचारण्यात काय हशील? तथापि चौकशी त्याच पेढीकडे गेली. शिवाय, हिशेबाच्या पद्धतीच्या गुणदोषांत शिरावयाचे नाही अशी मर्यादाही तीवर घालण्यात आली. जेथे दुखणे होते नेमके तेथेच हात लावावयाचा नाही, अशा अटीवर वैद्याला बोलावण्यासारखेच हे झाले. १५ ऑक्टोबर २००१ रोजी पेढीने पत्र देऊन कळविले की, व्यवहार दिसावयास बरे दिसत नसले तरी अधिक व्यापक व स्वतंत्र चौकशीची गरज वाटत नाही. आणि दुसऱ्याच दिवशी, १६ ऑक्टोबरला, कंपनीने ६१ कोटी ८० लक्ष डॉलर्सचा तिमाही तोटा जाहीर केला. भागधारकांच्या भांडवलात १२० कोटी डॉलर्सची घट झाल्याचेही लोकांस कळले. दीड महिन्यात सारा डोलारा कोसळला.

भागधारकांचा दावा

भागधारकांच्या वतीने पुढाकार घेतला तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने. कारण विद्यापीठाचा पैसाही या कंपनीत बुडाला होता. २००२ च्या एप्रिलमध्ये दाखल झालेल्या त्यांच्या एकत्रित फिर्यादीत संचालक होते, हिशेबतपासनीस आर्थर अँडरसन ही पेढी होती, मोठमोठ्या बँका होत्या, आणि वकिलांच्या दोन पेढ्याही होत्या : व्हिन्सन अँड एल्किन्स आणि कर्कलंड अँड एलिस. वकिलांनी केवळ सल्ला दिला नाही, तर लबाडीच्या योजनेत ते भागीदार झाले, असा वादींचा आरोप होता. दोन्ही पेढ्यांनी तो साफ नाकारला.

२० डिसेंबर २००२ रोजी न्यायाधीश मेलिंडा हार्मन यांनी जो निर्णय दिला तो मननीय आहे. त्यांनी कर्कलंड अँड एलिस या पेढीला दाव्यातून मुक्त केले आणि व्हिन्सन अँड एल्किन्सविरुद्धचा दावा मात्र पुढे चालू दिला. भेद कोठे केला? वकिलाने केवळ आपल्या अशिलासाठी खाजगी काम केले, भागधारकांना उद्देशून तो काही बोललाच नाही, तर त्याच्यावर भागधारकांना सावध करण्याची जबाबदारी नाही. परंतु जो वकील आपल्या अशिलाच्या वतीने जनतेपुढे जाऊन बोलतो, त्याच्या शब्दावर लोक विसंबतील हे ज्याला ठाऊक असते, त्याने एकदा तोंड उघडल्यावर खोटे बोलता कामा नये. या निर्णयाने पेढी दोषी ठरली असे नव्हे. आरोप खरे मानले तर दावा चालण्याजोगा आहे, एवढेच त्यातून ठरले. पण अमेरिकेतील वकीलवर्गाची झोप उडावयास तेवढेच पुरेसे होते.

पुढे काय झाले? बँकांनी तडजोडी केल्या. कॅनडाच्या इंपीरियल बँक ऑफ कॉमर्सने २४० कोटी डॉलर्स, जे. पी. मॉर्गनने २२० कोटी आणि सिटीग्रुपने २०० कोटी डॉलर्स भरले. सर्व मिळून सुमारे ७२० कोटी डॉलर्स वसूल झाले. आणि वकील? २००७ साली व्हिन्सन अँड एल्किन्सचे नाव भागधारकांच्या दाव्यातून वगळण्यात आले. न्यायालयाने त्या पेढीला कधीही दोषी ठरविले नाही. मात्र २००६ साली त्याच पेढीने एन्रॉनच्या दिवाळखोरीतील मालमत्तेला ३ कोटी डॉलर्स देऊन निराळा झगडा मिटविला होता. दिवाळखोरी न्यायालयाने नेमलेले चौकशी अधिकारी नील बॅटसन यांनी २००३ साली असे मत दिले होते की, या पेढीने व्यवसायातील कर्तव्यात कसूर केली असा निष्कर्ष काढण्यास पुरेसा पुरावा आहे. पेढीला हे मान्य नव्हते. तरीही मालमत्तेला पैसे मिळाले आणि भागधारकांचा दावा मात्र वाऱ्यावर गेला. एकाच वर्तनाबद्दल एकाला तीन कोटी आणि दुसऱ्याला शून्य, हे कसे?

कसूर आणि कपट

याचे उत्तर दोन शब्दांच्या भेदात आहे. कर्तव्यातील कसूर ही एक गोष्ट आणि कपट ही दुसरी. वकिलाने काम नीट केले नाही, हयगय केली, तर त्याने आपल्या अशिलाचे नुकसान केले. अशील म्हणजे कंपनी. कंपनी म्हणजे भागधारक नव्हे. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही एक स्वतंत्र व्यक्ती आहे आणि वकिलाचे इमान तिच्याशी बांधलेले आहे. म्हणून कसुरीचा दावा कंपनीने लावावा, किंवा ती बुडाली असल्यास तिच्या मालमत्तेच्या विश्वस्ताने लावावा. अशा दाव्यातून येणारी रक्कम प्रथम धनकोंकडे जाते. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या भागधारकाच्या ओंजळीत तिचा थेंबही येत नाही.

भागधारकाला स्वतःच्या नावाने लावता येतो तो दावा कपटाचा. पण तेथे पायरी फार उंच आहे. वकिलाला खरी स्थिती ठाऊक होती आणि तरीही त्याने जाणूनबुजून लोकांस फसविले, हे सिद्ध करावे लागते. त्यातही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली, डेन्व्हरच्या सेंट्रल बँकेच्या खटल्यात, ठरवून टाकले की, रोख्यांच्या फसवणुकीला केवळ साहाय्य केले म्हणून खाजगी गुंतवणूकदाराला कोणावर दावा लावता येणार नाही. तो अधिकार सरकारी नियंत्रकाचा. २००८ साली स्टोनरिज खटल्यात ही भिंत आणखी उंच झाली. एन्रॉनच्या भागधारकांचे उरलेल्या बँकांवरील दावे त्याच वर्षी या भिंतीवर आपटून फुटले.

या भिंतीची परिसीमा पाहावयाची असेल तर रेफ्को या दलाली कंपनीचे प्रकरण पाहावे. ही कंपनी २००५ च्या ऑगस्टमध्ये जनतेपुढे भाग घेऊन आली आणि ऑक्टोबरात बुडाली. तिची बुडीत येणी वर्षअखेरीस तात्पुरत्या फिरत्या कर्जांच्या आड दडविली जात. त्या कर्जांचे कागद मेयर ब्राऊन या पेढीतील एका वकिलाने तयार केले होते. गुंतवणूकदारांनी पेढीवर आणि त्या वकिलावर दावा लावला. २०१० साली अपील न्यायालयाने तो फेटाळला. कारण असे की, खोटी विधाने लिहिण्यात वकिलांचा हात असला तरी ती त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाली नव्हती. ज्याच्या नावाने असत्य छापले गेले नाही त्याच्यावर गुंतवणूकदार विसंबला असे म्हणता येत नाही! त्याच वकिलाला फौजदारी खटल्यात पुढे दोषी ठरवून २०१३ साली एक वर्ष एक दिवसाची कैद झाली, हे येथे लक्षात ठेवावे. म्हणजे तुरुंगात पाठविण्याइतका अपराध शाबीत होतो, पण ज्याचा पैसा गेला त्याला त्या वकिलाच्या दारात उभे राहता येत नाही. आमच्या अल्पमतीला हा न्याय समजत नाही.

दुसरी बाजू

वकीलवर्गाची बाजूही ऐकून घेणे प्राप्त आहे. ती पोकळ नाही. ते म्हणतात, अशिलाने वकिलापाशी मन मोकळे केले पाहिजे. जर प्रत्येक वकिलाच्या मानेवर तिऱ्हाइताच्या दाव्याची तलवार टांगती राहिली, तर तो अशिलाला सल्ला देण्याऐवजी स्वतःचा बचाव करीत बसेल. ते असेही म्हणतात की, कंपनी बुडाल्यावर तिच्याकडे पैसा उरत नाही, म्हणून ज्याच्या खिशात पैसा आहे अशा कोणालाही ओढून आणण्याची वादींच्या वकिलांची वृत्ती असते. याही म्हणण्यात तथ्य आहे. एन्रॉनच्या दाव्यात वादींच्या वकिलांना मेहनताना म्हणून ६८ कोटी ८० लक्ष डॉलर्स मंजूर झाले. शिवाय, त्या दाव्याचे सेनापतित्व करणारे विल्यम लेराक यांना, पूर्वीच्या दुसऱ्या दाव्यांत नामधारी वादींना गुपचूप पैसे चारण्याच्या कटाबद्दल, २००८ साली तुरुंगाची शिक्षा झाली. विंचवाचे विष उतरविणाऱ्या मांत्रिकानेच विंचू पाळावेत, अशातला हा प्रकार. तेव्हा भागधारकांचा कैवारी म्हणून जो उभा राहतो तो साधूच असतो असे मुळीच नाही.

तथापि या युक्तिवादात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. घडून गेलेल्या कृत्याबद्दल ज्याच्यावर आरोप आहे त्याचा बचाव करणे हा वकिलाचा धर्म आहे. खुन्यालाही वकील मिळाला पाहिजे आणि त्या वकिलाने त्याचे गुपित राखले पाहिजे. परंतु पुढे घडावयाच्या फसवणुकीचा कागद तयार करून देणे हे बचावाचे काम नव्हे. ती त्या कृत्यातील भागीदारी होय. आपल्याकडे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने हा भेद कधीच मान्य केला होता. बेकायदा हेतू पुढे नेण्यासाठी अशिलाने वकिलापाशी जे बोलले त्याला गुप्ततेचे कवच नाही, असे त्याच्या कलम १२६ मध्ये होते, आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. न्यायालयात उभा राहणारा वकील आणि कचेरीत बसून रोख्यांचे माहितीपत्रक रचणारा वकील यांच्या अंगावर झगा एकच असला तरी त्यांची कामे भिन्न आहेत. पहिल्याच्या समोर प्रतिपक्षाचा वकील असतो, न्यायाधीश असतो. त्याची चूक तेथल्या तेथे पकडली जाते. दुसऱ्याच्या समोर कोणीच नसते. तेथे त्याची सदसद्विवेकबुद्धी हाच काय तो पहारेकरी.

एन्रॉननंतर अमेरिकेने काही पावले टाकली. २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याच्या कलम ३०७ अन्वये असा नियम झाला की, कंपनीच्या वकिलाला गंभीर गैरव्यवहाराचा पुरावा दिसल्यास त्याने तो कंपनीच्या मुख्य विधी अधिकाऱ्याला किंवा मुख्याधिकाऱ्याला कळवावा, आणि तेथे दाद न लागल्यास संचालक मंडळापर्यंत न्यावा. हे योग्यच झाले. परंतु वकिलाने काम सोडून देऊन ती गोष्ट नियंत्रकाला उघडपणे कळवावी हा पुढचा प्रस्ताव मात्र वकीलवर्गाच्या विरोधामुळे बारगळला. शिवाय या नियमांच्या आधारे कोणाही खाजगी व्यक्तीस दावा लावता येणार नाही असे त्यांत स्पष्टच लिहिले आहे. कुंपण घातले, पण शेताच्या मालकाच्या हाती काठी दिली नाही.

आपल्या घरी काय?

आता आपल्या घरात डोकावू. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली की, ताळेबंदातील रोकड आणि बँकेतील शिल्लक यांत ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. तेथे ठपका आला तो वकिलांवर नव्हे, हिशेबतपासनिसांवर. पण भागधारकाच्या असहायतेचा धडा तोच आहे. अमेरिकेच्या बाजारात ज्यांनी सत्यमचे रोखे घेतले होते त्यांनी एकत्र दावा लावून २०११ साली कंपनीकडून साडेबारा कोटी डॉलर्स आणि हिशेबतपासनिसांकडून २ कोटी ५५ लक्ष डॉलर्स मिळविले. त्याच कंपनीचे भाग घेतलेल्या येथील माणसाच्या हाती तसे परिणामकारक हत्यारच नव्हते. एकाच घरातील चोरीबद्दल परगावच्या पाहुण्याला भरपाई मिळावी आणि घरच्या माणसाने हात चोळीत बसावे, असा तो प्रकार होता.

ही उणीव भरून काढण्यासाठी २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम २४५ आले आणि ते २०१६ च्या जूनपासून अमलात आले. भागधारकांनी एकत्र येऊन कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे दाद मागावी, आणि ती केवळ कंपनी व संचालक यांच्याविरुद्ध नव्हे, तर हिशेबतपासनीस, तसेच तज्ज्ञ, सल्लागार वा अन्य कोणाही व्यक्तीविरुद्ध मागावी, असे त्यात स्पष्ट आहे. दिशाभूल करणारे विधान असो की कपटाचे वा बेकायदा कृत्य असो, सल्लागारही त्याच्या कक्षेत येतो. 'सल्लागार' या शब्दात कंपनीचा वकील येत नाही असे म्हणण्यास आम्हांस आधार दिसत नाही. म्हणजे जी वाट अमेरिकेच्या न्यायालयांनी बुजविली ती आपल्या कायद्याने निदान कागदावर मोकळी ठेवली आहे. २०१९ च्या नियमांनी संख्याही ठरवून दिली : एकूण सभासदांपैकी शेकडा पाच किंवा शंभर सभासद, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरे, अथवा नोंदणीकृत कंपनीच्या भांडवलाच्या शेकडा दोन भागांचे धनी पुरे.

मग हे हत्यार बाहेर का निघत नाही? याचे पहिले कारण पैसा. अमेरिकेत वकील दावा जिंकला तरच वाटा घेतो. आपल्याकडे वकील परिषदेच्या नियमांनी तसला सौदा निषिद्ध आहे. हा निषेध चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. लेराक यांची गोष्ट वर सांगितलीच आहे. पण मग खर्च कोणी सोसावा? गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीतून अशा दाव्यांच्या खर्चाची भरपाई करण्याची तरतूद कायद्यात आहे. ती किती जणांस ठाऊक आहे? दुसरे कारण न्यायाधिकरणांवरील कामाचा भार आणि त्यामुळे होणारा विलंब. आणि तिसरे कारण म्हणजे या कलमातून बँकिंग कंपन्या वगळल्या आहेत. आपल्या गावोगावच्या सहकारी बँका आणि पतसंस्था तर कंपनी कायद्याखालीच येत नाहीत. म्हणजे जेथे सामान्य माणसाचा पैसा सर्वाधिक गुंतला आहे तेथेच ही काठी चालत नाही.

वकिलाच्या वैयक्तिक जबाबदारीविषयी आपल्या कायद्याची भूमिकाही नीट समजून घ्यावी. १९२६ च्या कायद्याने, वकील आहे एवढ्याच कारणावरून कोणी हयगयीच्या दाव्यातून सुटत नाही, असे सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी वकिलांना ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर ठेवले. परंतु दिवाणी न्यायालयाचे दार बंद केलेले नाही. आणि २०१२ साली हैदराबादच्या एका प्रकरणात, बँकेच्या वकिलाने घरांच्या मालकी हक्काविषयी चुकीचा अभिप्राय दिला असता, त्याच न्यायालयाने ठरविले की, केवळ हयगय म्हणजे कट नव्हे. कटवाल्यांशी वकिलाचे सूत जुळल्याचा पुरावा हवा. हा निर्णय आम्हांस न्याय्य वाटतो. घरासाठी कर्ज काढणाऱ्या प्रत्येकाला वकिलाचा सर्च रिपोर्ट म्हणजे काय हे ठाऊक आहे. त्यात एखादी नोंद नजरेतून सुटली म्हणून वकिलाला बेड्या ठोकू लागलो तर उद्या कोणी प्रामाणिक वकील तो कागद लिहिणार नाही. चूक आणि लबाडी यांत अंतर आहे, आणि ते राखलेच पाहिजे.

काय व्हावे?

तेव्हा आमचे मागणे अवास्तव नाही. जनतेकडून पैसा मागणाऱ्या कागदाचा जो भाग वकिलाने रचला असेल त्याखाली त्याचे नाव व सही असावी. माहितीपत्रकात कायदेशीर सल्लागारांची नावे आजही छापतात, पण कोणत्या मजकुराचे उत्तरदायित्व कोणाचे हे वाचकाला त्यावरून उमगत नाही. पडद्याआडून लिहिणाऱ्याला पडद्याचाच आश्रय मिळतो, हे रेफ्कोने दाखवून दिले आहे. ज्या पेढीने व्यवहार घडविले तिने त्याच व्यवहारांची चौकशी करू नये, हा निर्बंध कायद्याने घालावा. एन्रॉनमधील एका उपाध्यक्षेला जे समजले ते आपल्या नियंत्रकांस समजू नये काय? कंपनीच्या वकिलाला गैरव्यवहार दिसल्यास तो संचालक मंडळापर्यंत नेण्याचे बंधन आपल्याकडेही असावे. आणि कलम २४५ चा लाभ बँकांच्या भागधारकांस, तसेच त्या धर्तीवर सहकारी संस्थांच्या सभासदांसही मिळावा.

पण सर्व काही सरकारने करावे असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांसाठी हा लेख नाही. शंभर सभासद ही संख्या काही फार मोठी नव्हे. आपल्या एखाद्या मध्यम गावातील वाचनालयाची सभासदसंख्याही तीहून अधिक असते. ज्या गावात शंभर माणसे एकत्र येऊन गणेशोत्सव उभा करतात, तेथे एका कंपनीचे शंभर भागधारक एकत्र येऊन प्रश्न विचारू शकत नाहीत काय? भाग विकत घेण्यापूर्वी किंमत पाहतो, तसे माहितीपत्रकातील वकिलाचे पानही पाहावे. कंपनीचे वार्षिक प्रतिवृत्त येते तेव्हा त्यात चालू दाव्यांविषयी आणि संचालकांच्या स्वतःच्या कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांविषयी काय लिहिले आहे ते वाचावे. एन्रॉनचे भागीदारीचे व्यवहार वार्षिक अहवालांच्या तळटीपांत उल्लेखिलेले होते, पण अशा भाषेत की वाचणाऱ्याला त्यांतून काहीच कळू नये. ती भाषा रचणारे शिकलेसवरलेले लोक होते.

वकिलाची सनद हे केवळ चरितार्थाचे साधन नव्हे. ती समाजाने दिलेली विश्वासाची ठेव आहे. म्हणून तर त्याच्या शब्दाला वजन येते आणि त्या वजनाचे त्याला मोल मिळते. ज्या विश्वासाचे पैसे घेतले, तो मोडल्यावर त्याची भरपाईही दिली पाहिजे. व्यापाराचा हा साधा नियम किराणा दुकानदाराला लागू असेल, तर मोठ्या पेढीतील कायदेपंडिताला तो का लागू नसावा?

एन्रॉन बुडाल्याला पंचवीस वर्षे होत आली. दाभोळच्या खाडीकाठचा तो प्रकल्प २००५ पासून दुसऱ्या नावाने, दुसऱ्या हातांत आहे. परंतु ह्यूस्टनच्या न्यायालयात भागधारकांनी विचारलेला प्रश्न अजून अनुत्तरित आहे : हा सर्व प्रकार चालू असताना वकील कोठे होते? तो प्रश्न आपल्याकडे विचारण्याची पाळी येईपर्यंत थांबू नये. कंपनीचा वकील कंपनीचाच, हे आम्हांस मान्य आहे. पण कंपनी म्हणजे चार संचालकांची बैठक नव्हे, एवढे त्या वकिलाने आणि आपणही विसरता कामा नये.